नेमकी इंग्रजी : विमान-व्यवसायाच्या प्रशिक्षणातील भाषाशिक्षण

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



मराठी ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत विमानांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या कामगारांच्या इंग्रजीचा विषय यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु बेळगाव परिसराला हा विषय आता परका राहिलेला नाही. सांबऱ्याला वायुदलाचे एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे. हत्तरगीच्या औद्योगिक क्षेत्रात विमानांचे सुटे भाग तयार होतात. घाट उतरून गोव्यात गेले की दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. नाशिकजवळ ओझरला विमानांचा जुना कारखाना आहे, नागपूरला मिहानमध्ये दुरुस्ती केंद्र आहे, आणि वडोदऱ्यात सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांच्या जुळणीच्या कारखान्याचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडणाऱ्या मराठी मुलाला विमान-व्यवसायाचे दार आता दृष्टीच्या टप्प्यात आले आहे.

त्या दाराशी त्याला पहिली भेटते ती इंग्रजी. सीमाभागातील मुलाच्या घरात मराठी, कचेरीत कन्नड, सहकाऱ्यांच्या संगतीत हिंदी, आणि हातात येणारी दुरुस्तीची पुस्तिका मात्र इंग्रजीत. चार भाषांत वावरणाऱ्या या मुलाला भाषेची जाण नाही, असे कोणी म्हणणार नाही. तरीही ‘आपले इंग्रजी कच्चे’ हे वाक्य त्याने शाळेपासून इतक्या वेळा ऐकलेले असते की, हाताने उत्तम काम करणारा मुलगा पुस्तिका उघडताच खाली मान घालतो. त्याच्या या संकोचाचा संबंध केवळ त्याच्या नोकरीशी नाही. विमानात बसणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाशी तो निगडित आहे. म्हणून व्यवसाय-प्रशिक्षणात इंग्रजी कोणती आणि कशी शिकवावी, हा प्रश्न गांभीर्याने विचारात घेण्याजोगा आहे.

विमान-व्यवसायाने भाषेचा धडा फार मोठी किंमत देऊन शिकला. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरील लॉस रोदेओस विमानतळावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. या अपघाताची कारणे अनेक होती. परंतु त्यांत एक वाक्य होते. डच विमानातून ‘वुई आर नाऊ अ‍ॅट टेक-ऑफ’ अशा अर्थाचे शब्द उच्चारले गेले. विमान धावू लागले होते. मनोऱ्यातील स्पॅनिश नियंत्रकाने मात्र विमान धावपट्टीच्या टोकाशी थांबून आहे, असा अर्थ घेतला. त्याच्या उत्तरात आधी ‘ओके’ आले आणि पुढील ‘थांबा’ हे शब्द दुसऱ्या संदेशाच्या गोंगाटात बुडाले. डच भाषेतील क्रियापदाची घडण बोलणाऱ्याच्या इंग्रजीत उतरली असावी, असे काही भाषाभ्यासकांनी सुचविले आहे. या घटनेनंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच नियंत्रकाने वापरावा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणावे, अशी शिस्त रूढ झाली.

२५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाचे आव्हियांका कंपनीचे एक विमान न्यूयॉर्कनजीक इंधन संपून कोसळले आणि ७३ जण दगावले. वैमानिकांनी ‘प्रायॉरिटी’ मागितली, इंधन संपत आल्याचेही सांगितले. पण ‘इमर्जन्सी’ हा ठरलेला शब्द काही उच्चारला नाही. नियंत्रकांच्या लेखी या दोन शब्दांत आकाशपाताळाचे अंतर होते.

तिसरी घटना भारतातील आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे व कझाकस्तानचे विमान एकमेकांवर आदळले. ३४९ माणसांपैकी एकही वाचले नाही. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या पातळीखाली उतरले होते. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत त्यामागील कारणांमध्ये त्या चमूच्या अपुऱ्या इंग्रजीचाही उल्लेख झाला. अशा अपघातांच्या पार्श्वभूमीवर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या महासभेने १९९८ मध्ये भाषेचा प्रश्न ठरावाद्वारे हाती घेतला, २००३ मध्ये नियम संमत झाले आणि मार्च २००८ पासून ते लागू झाले. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद या सहा अंगांनी परीक्षा घेऊन सहा श्रेणी ठरविण्यात आल्या. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी किमान चौथी श्रेणी आवश्यक मानली गेली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ही सहा श्रेणींची परीक्षा वैमानिक, हवाई वाहतूक नियंत्रक आणि रेडिओवर बोलणारे कर्मचारी यांच्यासाठी आहे. हँगरमध्ये पाना घेऊन उभ्या असलेल्या कामगाराला ती लागू नाही. त्याच्यासाठी नियम वेगळ्या शब्दांत आहे. ज्या भाषेत तांत्रिक पुस्तिका व कार्यपद्धती लिहिलेल्या आहेत, ती भाषा समजण्याइतपत वाचता, लिहिता व बोलता आली पाहिजे, एवढीच विमान-देखभाल परवानाधारकाकडून अपेक्षा असते. नियम साधा दिसतो. पण त्यातील ‘वाचता’ आणि ‘लिहिता’ या दोन शब्दांत या विषयाचे सारे मर्म आहे. वैमानिकाची इंग्रजी कानाची आणि जिभेची असते. दुरुस्ती करणाऱ्याची मुख्यतः डोळ्यांची आणि लेखणीची असते.

लेखणीची चूक काय करू शकते, याचे उदाहरण ११ सप्टेंबर १९९१ चे आहे. अमेरिकेत टेक्सासमधील ईगल लेकजवळ एक छोटे प्रवासी विमान हवेतच मोडले व त्यातील चौदाही माणसे मरण पावली. आदल्या रात्री विमानाच्या शेपटाकडील आडव्या पंखावर काम चालू होते. एका पाळीच्या कामगारांनी डाव्या बाजूच्या वरच्या अंगाचे ४७ स्क्रू काढले. पाळी बदलली. काढलेल्या स्क्रूंची नोंद नव्या पाळीच्या हाती नीट पडली नाही, त्यांनी उजव्या बाजूचे काम पुरे केले, आणि सकाळी विमान त्या ४७ स्क्रूंशिवाय सेवेत गेले. नोंदवहीत ‘डाव्या बाजूच्या वरच्या अंगाचे स्क्रू काढले आहेत, बसविलेले नाहीत’ एवढे एक वाक्य हवे होते. ते सारे कामगार इंग्रजी बोलणाऱ्या देशातीलच होते.

कॅनडातील २३ जुलै १९८३ ची घटनाही अशीच बोलकी आहे. एअर कॅनडाच्या नव्या बोइंग ७६७ विमानाचे इंधनमापक नादुरुस्त होते, म्हणून टाकीतील इंधन काडी बुडवून मोजले गेले. लिटरचे वजनात रूपांतर करताना किलोग्रॅमचा गुणक हवा होता. वापरला गेला तो पौंडाचा. परिणामी २२,३०० किलोग्रॅमऐवजी २२,३०० पौंड, म्हणजे निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान निघाले, आणि वाटेतच त्याची दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांच्या कौशल्यामुळे ते गिमली येथील जुन्या वायुदल तळावर तरंगत उतरले व कोणीही दगावले नाही. आकडा बरोबर होता, एकक चुकले होते.

या दोन घटनांतून निघणारा निष्कर्ष मराठी माध्यमातील मुलाला धीर देणारा आहे. इंग्रजी ही मातृभाषा असणे म्हणजे या कामाची भाषा येणे नव्हे. हँगरमधील इंग्रजी ही वेगळी, मोजकी आणि नियमांनी बांधलेली भाषा आहे. लंडनच्या किंवा ह्यूस्टनच्या मुलालाही ती नव्याने शिकावी लागते.

ही बांधणी किती काटेकोर आहे, ते पाहण्यासारखे आहे. विमाने जगभर जातात आणि त्यांच्या पुस्तिका इंग्रजी मातृभाषा नसलेले लोक वाचतात, ही अडचण ओळखून युरोपातील विमान-उद्योगाने १९८६ मध्ये ‘सिम्प्लिफाइड इंग्लिश’ची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. आज ती ‘एएसडी-एसटीई १००’ या नावाने ओळखली जाते. तिचा मुख्य नियम असा की, एका शब्दाला एकच अर्थ आणि एका अर्थाला एकच शब्द. प्रारंभ करणे यासाठी इंग्रजीत ‘बिगिन’, ‘कमेन्स’, ‘इनिशिएट’ असे कितीतरी शब्द आहेत. येथे केवळ ‘स्टार्ट’ चालतो. ‘क्लोज’ म्हणजे बंद करणे. ‘जवळ’ या अर्थी तो वापरायचा नाही, तेथे ‘निअर’ लिहायचे. ‘फॉलो’ म्हणजे मागून येणे. सूचना पाळणे यासाठी ‘ओबे’. कृती सांगणारे वाक्य वीस शब्दांहून मोठे नको, आणि एका वाक्यात सहसा एकच आज्ञा. एखादी अट असेल तर ती आधी, कृती नंतर.

अशा भाषेचा अभ्यासक्रम मर्यादित असतो. मंजूर सामान्य शब्दांची संख्या हजाराच्या आतबाहेर. त्याखेरीज व्यवसायातील भागांची व हत्यारांची नावे, जी फिटरच्या मुलाला वर्कशॉपमध्ये हाताळतानाच पाठ होतात. शेक्सपिअरच्या आणि निबंधाच्या इंग्रजीत नापास झालेला मुलगा या इंग्रजीत पहिला येऊ शकतो. मात्र त्यासाठी शिकविणाऱ्याने हीच इंग्रजी शिकविली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी प्रशिक्षणार्थीचे इंग्रजीचे तुटपुंजे तास स्वतःची ओळख करून देणे, मुलाखतीत कसे बसावे, सुट्टीचा अर्ज कसा करावा यांतच संपतात. या गोष्टी निरुपयोगी नाहीत. परंतु त्या शिकूनही मुलाला पुस्तिकेचे पान वाचता येत नाही.

त्या पानावर मराठी विद्यार्थी नेमका कोठे अडखळतो, हे मराठी जाणणारा शिक्षकच ओळखू शकतो. ‘डू नॉट रिमूव्ह द कॅप अनटिल द प्रेशर इज झिरो’ हे वाक्य घ्यावे. मराठीत म्हणायचे तर, ‘जोपर्यंत दाब शून्यावर येत नाही, तोपर्यंत झाकण काढू नका.’ मराठीत नकार दोनदा येतो, इंग्रजीत एकदाच. मनातल्या मनात शब्दाला शब्द लावणारा विद्यार्थी येथे गोंधळतो. आणि दाबाखालील नळीचे झाकण अवेळी उघडले तर तो गोंधळ गुणपत्रिकेपुरता राहत नाही. फळ्यावर दोन्ही वाक्ये शेजारी लिहून हा फरक एकदा दाखविला, तर तो जन्मभर पुरतो.

‘वॉर्निंग’, ‘कॉशन’ आणि ‘नोट’ हे तीन शब्दही असेच. शालेय कोशाच्या आधारे या तिन्हींना ‘इशारा’, ‘सावधगिरी’, ‘सूचना’ असे काहीही म्हणून वेळ मारून नेता येते. पुस्तिकेत मात्र वॉर्निंग म्हणजे माणसाला इजा किंवा मृत्यू होण्याचा धोका, कॉशन म्हणजे यंत्राचे नुकसान होण्याचा धोका, आणि नोट म्हणजे केवळ अधिक माहिती. हा भेद मराठीतून समजावून सांगितला तर विद्यार्थी तो पक्का धरतो.

काही ठिकाणी मराठीचे व्याकरण थेट उपयोगी पडते. ‘मेन लँडिंग गिअर डोअर हिंज बोल्ट’ अशी नामांची माळ पाहून नवखा मुलगा घाबरतो. पण तत्पुरुष समासाचा विग्रह त्याने शाळेत केलेला असतो. समासातल्याप्रमाणे येथेही मुख्य शब्द शेवटी असतो. बोल्ट, कशाचा? बिजागरीचा. कोणत्या बिजागरीचा? दाराच्या. कोणत्या दाराच्या? मुख्य चाकांच्या व्यवस्थेच्या. शेवटून सुरुवातीकडे येत विग्रह केला की माळ सुटते. ‘जर-तर’ची मराठी वाक्यरचनाही अट आधी सांगते; ‘इफ’ने सुरू होणारी आज्ञा मराठी कानाला म्हणूनच ओळखीची वाटते.

आकड्यांच्या बाबतीत मात्र मराठीची सवय सावधपणे बाजूला ठेवावी लागते. पंचेचाळीस म्हणताना पाच आधी येतात आणि चाळीस नंतर; एकोणपन्नासमध्ये तर पन्नासाचाच उच्चार होतो. वर्कशॉपमध्ये पाऊण इंच, अडीच इंच आणि दोन सूत अशी बोली चालते, आणि साध्या कामाला ती उत्तम आहे. परंतु नोंदवहीत आणि रेडिओवर आकडा अंकाअंकाने सांगावा लागतो, आणि त्याच्यापुढे एकक हवेच. रेडिओवर तर ‘थ्री’ला ‘ट्री’, ‘फाइव्ह’ला ‘फाइफ’ आणि ‘नाइन’ला ‘नाइनर’ म्हणण्याची पद्धत आहे, कारण खरखरीत आवाजात एका अंकाचा दुसरा अंक ऐकू येऊ नये. पानाच्या पकडीचा जोर न्यूटन-मीटरमध्ये सांगितला आहे की इंच-पौंडात, हे न पाहता बोल्ट आवळणाऱ्याने गिमलीची गोष्ट आठवावी.

एवढे सारे शिकवूनही एक गोष्ट उरते, आणि तीच सर्वांत अवघड आहे. न समजलेले ‘समजले नाही’ असे म्हणणे. वर्गात गुरुजींनी ‘समजले का?’ विचारले की सगळ्यांनी एका सुरात ‘हो’ म्हणायचे, ही लहानपणापासूनची सवय. वडीलधाऱ्यांना उलट विचारणे म्हणजे उद्धटपणा, असा संस्कार. त्यात भाषा इंग्रजी. मग आपले अज्ञान उघडे पडेल ही धास्ती. असा मुलगा हँगरमध्ये पर्यवेक्षकाच्या सूचनेला मान डोलावतो आणि मग शेजारच्याचे पाहून काम करतो. विमान-व्यवसायाची शिस्त याच्या अगदी उलट आहे. येथे ‘से अगेन’ म्हणणे हा कमीपणा नाही, नियम आहे. ऐकलेली सूचना आपल्या तोंडून परत म्हणून दाखविणे, ही शंका नव्हे, कर्तव्य आहे. म्हणून ‘आय डू नॉट अंडरस्टँड’, ‘से अगेन’, ‘प्लीज कन्फर्म’ ही वाक्ये पहिल्या दिवशी शिकवावीत आणि ती म्हणणाऱ्याला कोणी हसणार नाही, याची हमी शिक्षकाने द्यावी. जो शिक्षक चुकीच्या उच्चारावर विद्यार्थ्याची थट्टा करतो, तो त्याला गप्प राहायला शिकवितो; आणि या व्यवसायात गप्प राहणे हीच सर्वांत घातक चूक आहे.

यावर कोणी म्हणेल की, असे असेल तर पुस्तिकाच मराठीत आणाव्यात. मराठीवरील प्रेमापोटी आलेली ही सूचना आदरणीय आहे. परंतु विमानाच्या पुस्तिकेत उत्पादक सतत दुरुस्त्या करीत असतो. एक भाषांतर जुने राहिले आणि त्यानुसार काम झाले, तर जबाबदारी कोणाची? शिवाय बेळगावात बसविलेला भाग उद्या दुबईत तपासला जाईल. कामाची नोंद एकाच भाषेत असणे हे सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे. समजावून सांगण्याची भाषा मात्र मराठी असायला कोणतीही हरकत नाही. नोंद इंग्रजीत, समज मराठीत, ही वाटणी प्रामाणिक आहे. इंग्रजीची कसोटी सैल करणे हा प्रवाशावर अन्याय होईल. आणि ती कसोटी नीट न शिकविता मुलाला नापास ठरविणे हा त्या मुलावर अन्याय होईल.

मराठी समाजाला ही वाट नवीन नाही. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये निघाला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी घरांतील पिढ्या मराठीच्या आधाराने इंग्रजी शिकल्या, आणि मराठी न सोडता शिकल्या. ग्रंथालयांच्या कपाटांत या परंपरेचे पुरावे अजून आहेत. त्याच कपाटांत आता नव्या पुस्तकांची भर पडली पाहिजे. ‘एएसडी-एसटीई १००’ची प्रत संबंधित संस्थेकडे मागणी केल्यास विनामूल्य मिळते. तिच्यासोबत व्यवसायातील शब्दांचे एक छोटे इंग्रजी-मराठी टिपण, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ वाचनालयाचे मोठे टेबल, एवढे दिले तरी पुष्कळ होईल. निवृत्त तंत्रज्ञाला यंत्र ठाऊक असते, इंग्रजीच्या शिक्षकाला वाक्य ठाऊक असते. प्रशिक्षण संस्थेत हे दोघे क्वचितच एका टेबलाशी बसतात. ग्रंथालय त्यांना एकत्र बसवू शकते. आश्रयदाते आणि सभासद यांनी शंभर वर्षे ज्या हेतूने ही संस्था चालविली, त्या हेतूशी हे काम सुसंगतच आहे.

विमानाची दुरुस्ती संपली की परवानाधारक तंत्रज्ञ नोंदवहीत सही करतो. त्या सहीचा अर्थ असा की, जे लिहिले आहे ते वाचले, जे वाचले ते समजले, आणि जे समजले तेच केले. पुढे विमानात बसणारी माणसे त्याचे नाव जाणत नाहीत, त्याची भाषाही जाणत नाहीत. ती केवळ त्या सहीवर विश्वास ठेवून बसतात. सीमाभागातील एखाद्या खेड्यातून आलेल्या मुलाची सही अशी विश्वासाची व्हावी, यासाठी त्याला साहेबी थाटाची इंग्रजी नको आहे. हजारभर शब्द, मोजके नियम, आणि ‘मला समजले नाही, पुन्हा सांगा’ असे ताठ मानेने म्हणण्याची सवय त्याला हवी आहे. या तिन्ही गोष्टी शिकविता येण्याजोग्या आहेत, आणि त्या शिकविणे हे आपल्या समाजाच्या आवाक्यातील काम आहे.